तळे राखील तो…

१८९६ च्या ऑक्टोबर महिन्यात विन्स्टन चर्चिल नावाचा एकवीस वर्षांचा घोडदळातला अधिकारी मुंबईच्या ससून डॉकला उतरला. होडीतून धक्क्यावर पाऊल टाकताना त्याने भिंतीतली लोखंडी कडी धरली, तेवढ्यात लाटेबरोबर होडी खाली गेली आणि त्याचा खांदा निखळला. ते दुखणे त्याला जन्मभर पुरले. पुण्यात थोडे दिवस काढून फोर्थ हुसार्स या आपल्या पलटणीबरोबर तो बंगळूरच्या छावणीत पोचला. तिथून आईला लिहिलेल्या पत्रात त्याने बंगळूरची तुलना एका ‘वॉटरिंग प्लेस’शी केली, तेही तिसऱ्या दर्जाचे, हंगाम उलटून गेलेले आणि समुद्र नसलेले.

त्या काळी इंग्रज सुखवस्तू घराणी प्रकृतीसाठी ज्या गावांना जात, त्यांना ‘वॉटरिंग प्लेस’ म्हणत. तिथे झऱ्याचे पाणी प्यायचे, डॉक्टरच्या सल्ल्याने टबात बसायचे, तळ्याकाठी किंवा समुद्रकाठी फिरायचे आणि महिना-दोन महिन्यांनी ताजेतवाने होऊन घरी परतायचे. इंग्लंडमधले बाथ, जर्मनीतले बाडेन-बाडेन आणि आल्प्समधले सेंट मॉरिट्झ ही त्यांतली नामांकित गावे. चर्चिलच्या शेऱ्यात तुसडेपणा भरपूर होता, पण बंगळूरची जात त्याने बरोबर ओळखली होती. इंग्रजांनी ही छावणी वसवली तीच मुळी आरोग्यासाठी, आणि तिच्या उशाला हलसूरचे तळे होते.

त्या तळ्यापासून दोनेक किलोमीटरवर आज इंदिरानगर आहे. जांभळ्या मार्गाच्या मेट्रोत पश्चिमेकडे निघाले, की इंदिरानगरनंतरचे पुढचे स्टेशन हलसूर. इंदिरानगरातल्या हंड्रेड फीट रोडवर आणि आडव्या गल्ल्यांत आज ठायीठायी ‘स्पा’च्या पाट्या दिसतात. थाई मालिश, केरळी तेलधारा, तापवलेल्या दगडांचा शेक, वाफेची खोली आणि बुडबुड्यांचा टब असे सगळे प्रकार तिथे मिळतात. अंगाला आराम देणारे पाणी या वस्तीत विकत मिळते, पण ज्या तळ्यासाठी माणसे इथे आली त्याच्या पाण्यात बोट बुडवायची कुणाची इच्छा होत नाही. इथे राहणाऱ्या माझ्यासारख्या मराठी माणसाला ही गोष्ट टोचते, कारण आरोग्याची नगरी कशी घडते आणि कशी हातची जाते याची पुरी कहाणी या दोन किलोमीटरांत सामावलेली आहे. ती समजून घ्यायची तर आधी सेंट मॉरिट्झला जाऊन यायला हवे.

झऱ्याभोवतीचे गाव

स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडेन प्रांतात, एंगाडिन खोऱ्यात, सेंट मॉरिट्झचे तळे समुद्रसपाटीपासून १,७६८ मीटरवर आहे. आपले महाबळेश्वर १,३७२ मीटरवर, यावरून उंचीची कल्पना यावी. गावाचे दोन भाग आहेत. उतारावर डोर्फ, म्हणजे जुने गाव, बड्या हॉटेलांचे आणि दुकानांचे. तळ्याच्या नैऋत्य टोकाला, सपाटीवर, बाड, म्हणजे स्नानाची वस्ती. पर्यटकांच्या छायाचित्रांत डोर्फ जास्त दिसते, पण गावाचा जन्म बाडमधल्या झऱ्याने झाला.

हा झरा गरम पाण्याचा नाही. पाणी चांगलेच थंड, कार्बन डायऑक्साइड वायूने फसफसणारे आणि लोहयुक्त आहे. घोट घेतला की जिभेवर आधी आंबूस चुरचूर येते आणि तिच्यामागून लोखंडाची चव. १९०७ साली झरा नव्याने बांधून काढताना कामगारांना जमिनीत एक जुने बांधकाम पुरते मोकळे करता आले. लार्च झाडाचे दोन प्रचंड बुंधे आतून पोखरून नळासारखे उभे रोवले होते. त्यांच्याभोवती फळ्यांची चौकट होती, तिच्याबाहेर ओंडक्यांची दुसरी चौकट, आणि वरचे ओढ्याचे पाणी झऱ्यात मिसळू नये म्हणून मध्ये चिकणमाती ठासून भरलेली. एका बुंध्याच्या तळाशी कांस्याच्या तलवारी, खंजीर आणि टाचणी सापडली. लाकडातल्या वर्षवलयांवरून शास्त्रज्ञांनी तारीख काढली, तेव्हा ही झाडे इसवी सनापूर्वी १४११ मध्ये तोडल्याचे निष्पन्न झाले.

२०१४ पासून हे लाकूड बाडमधल्या ‘फोरम पॅरासेल्सुस’मध्ये मांडून ठेवले आहे. त्याच्यासमोर उभे राहिले की दोन गोष्टी एकदम ध्यानात येतात. या लोकांनी झऱ्याला मौल्यवान शस्त्रे वाहिली, म्हणजे त्यांची त्यावर श्रद्धा होती. आणि त्याच लोकांनी मातीचा थर ठासून चांगले पाणी वाईट पाण्यापासून वेगळे राखले, म्हणजे त्यांना पाण्याची समज होती. श्रद्धा आणि व्यवस्था एकाच खड्ड्यात, एकाच हातांनी बसवलेली.

पुढचा इतिहासही असाच दुपदरी आहे. १५१९ मध्ये पोप दहावे लिओ यांनी इथल्या चर्चच्या यात्रेकरूंना पापक्षालनाचे आश्वासन दिल्याची नोंद आहे. १५३५ च्या सुमारास पॅरासेल्सुस या प्रसिद्ध वैद्याने या पाण्याची वाखाणणी केली. एकोणिसाव्या शतकात रसायनशास्त्रज्ञांनी पाण्याचे पृथक्करण केले, डॉक्टरांनी पेले मोजून द्यायला सुरुवात केली आणि १८६४ मध्ये तळ्याच्या बाजूला मोठे स्नानगृह-हॉटेल उभे राहिले. त्याच वर्षी योहानेस बाड्रुट या हॉटेलमालकाने इंग्रज पाहुण्यांशी पैज लावल्याची कथा सांगतात. हिवाळ्यात येऊन पाहा, आवडले नाही तर प्रवासखर्च माझा, अशी ती पैज. पाहुणे आले आणि वसंत ऋतू येईपर्यंत राहिले. १९०४ मध्ये आल्बुला मार्गावरून रेल्वे पोचली, १९०७ पासून गोठलेल्या तळ्यावर घोड्यांच्या शर्यती भरू लागल्या आणि १९२८ व १९४८ मध्ये हिवाळी ऑलिम्पिक झाले.

या झगमगाटात बाड मागे पडले. पाणी पिऊन बरे होण्याचे युग औषधांच्या गोळ्यांनी संपवले. तरी गावाने झरा सोडला नाही. आजही तिथे कार्बोनिक पाण्याची आणि दलदलीतल्या औषधी मातीची स्नाने वैद्यकीय उपचार म्हणून दिली जातात. शेजारी ‘ओवावेर्वा’ हा मोठा जलतरण तलाव आहे, तो गावाने बांधला आणि २०१४ मध्ये खुला केला. कोट्यधीशांचे गाव म्हणून ख्याती असलेल्या ठिकाणी स्नानाची सोय सार्वजनिक मालकीची राहिली, हे मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते.

आल्प्समध्येही पाणी नासले होते

स्वित्झर्लंडचे पाणी मुळातच निर्मळ, आपले मुळातच गढूळ, असा आपला एक समज असतो. तो इतिहासाला धरून नाही. १९६३ च्या हिवाळ्यात, ऐन हंगामात, मॅटरहॉर्नच्या पायथ्याच्या झेरमाट या विख्यात गावात विषमज्वराची साथ पसरली. पिण्याच्या पाण्यात घाण मिसळली होती. चारशेहून अधिक लोक आजारी पडले, तिघे दगावले, आणि पाहुणे आपापल्या देशी गेल्यावर रोग तिथेही उघडकीस आला. निळ्या आभाळाखाली, शुभ्र बर्फात, जगातल्या श्रीमंतांच्या आरोग्यधामात विषमज्वर!

त्या काळात स्वित्झर्लंडमधली कित्येक तळी शेवाळाने हिरवी झालेली होती. १९६५ मध्ये देशातल्या जेमतेम १५ टक्के लोकांचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रापर्यंत पोचत होते. जलसंरक्षणाचा पहिला केंद्रीय कायदा १९५५ चा, पण तो ढिला होता. झेरमाटच्या साथीने आणि घाणीच्या वासाने लोकमत तापले आणि १९७१ मध्ये कडक कायदा आला. सरकारने पैसा ओतला, गावोगाव नळ टाकले, केंद्रे बांधली. २००५ पर्यंत ९७ टक्क्यांच्या आसपास लोकसंख्या त्या जाळ्यात आली होती. आज त्या तळ्यांत मुले पोहतात, ती या चाळीस वर्षांच्या खोदकामामुळे. कांस्ययुगातल्या मातीच्या थराचेच हे आधुनिक रूप म्हणायचे.

तापाच्या भीतीने वसलेली छावणी

आता बंगळूर. केंपेगौडांनी १५३७ मध्ये हे शहर वसवले, तेव्हा जवळपास बारमाही नदी नव्हती. केंपेगौडांनी आणि त्यांच्या वंशजांनी ओढ्यांवर बांध घालून तळी केली. एक भरले की सांडव्याचे पाणी खालच्या तळ्यात, तिथून आणखी खाली. हलसूरचे सुमारे ५० हेक्टरांचे तळे त्याच परंपरेतले. सेंट मॉरिट्झचे तळे सुमारे ७८ हेक्टर आहे. आकाराने ही दोन्ही तळी फार वेगळ्या जातीची नव्हेत.

आपल्या लोकांचा या पाण्याशी संबंध जुना आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजांनी बंगळूर घेतल्यावर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांचे पुत्र व्यंकोजी यांचा १६६९ चा शिलालेख मल्लेश्वरच्या काडू मल्लेश्वर देवळात आहे. त्या देवळासमोरची जागा १९९७ मध्ये खणली गेली, तेव्हा मातीखालून एक देखणी पुष्करिणी निघाली. तिथे दगडी नंदीच्या मुखातून पाण्याची धार खालच्या शिवलिंगावर अखंड पडते आणि पायऱ्यांच्या कुंडात साठते. मोठ्या शहराच्या पोटात, दोन्ही बाजूंना वाहनांची वर्दळ असताना, ही धार आजही चालू आहे. १६८७ मध्ये व्यंकोजींनी बंगळूरचा सौदा केला आणि तीन लाख रुपयांना शहर म्हैसूरच्या चिक्कदेवराजांकडे गेले.

टिपूच्या पाडावानंतर इंग्रज फौज श्रीरंगपट्टणला होती. तिथे हिवतापाने शिपाई पटापट मरू लागले. म्हणून १८०९ मध्ये लष्करी ठाणे बंगळूरला हलवले. सुमारे ९२० मीटर उंची, कोरडी हवा, मोकळे माळ आणि पाण्याला हलसूरचे तळे पाहून डॉक्टरांनी जागा पसंत केली. दूषित हवेने ताप येतो असा त्या वेळचा सिद्धान्त होता, त्यामुळे चांगली हवा मिळाली की काम झाले अशी त्यांची समजूत.

हवेने काम झाले नाही. ते कशाने होईल याचा धागा बंगळूरच्याच एका बंगल्यात सापडला. १८८३ मध्ये रोनाल्ड रॉस नावाचा तरुण डॉक्टर इथे छावणीचा सर्जन होता. डासांनी त्याला हैराण केले होते. खिडकीबाहेर पाण्याचे एक पिंप होते, त्यात त्याला वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या. त्याने पिंप उलटे केले आणि बंगल्यातले डास कमी झाले. हिवताप डासांमुळे पसरतो हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते. ते सिद्ध करायला रॉसला १८९७ चा ऑगस्ट आणि सिकंदराबाद गाठावे लागले. दरम्यान १८९५ मध्ये पटकीची साथ आवरायला त्याला पुन्हा बंगळूरला धाडले गेले होते. पटकी पाण्यातून येते. म्हणजे चर्चिल दाखल झाला त्याच्या आदल्याच वर्षी हे ‘आरोग्यस्थान’ नासलेल्या पाण्याने पछाडलेले होते. १८९८ मध्ये प्लेग आला. त्या सुमारास बसवनगुडी आणि मल्लेश्वर या नव्या वसाहती रुंद रस्ते आणि मैला वाहून नेण्यासाठी घरांमागे गल्ल्या ठेवून आखल्या गेल्या. आरोग्य हवेत नसून रस्त्याखालच्या आणि घरामागच्या व्यवस्थेत असते, हे बंगळूरने तेव्हा चांगलेच ओळखले होते.

निपाणी, आंबोली, नंदी, उरुळी

या कहाणीत महात्मा गांधींचा प्रवास आपल्या वाटेने येतो. १९२७ च्या मार्चमध्ये दौऱ्यावर असताना निपाणीला त्यांची प्रकृती एकाएकी ढासळली. रक्तदाब फार वाढला होता. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. आधी त्यांना सावंतवाडीजवळच्या आंबोलीला नेले आणि एप्रिलमध्ये बंगळूरजवळच्या नंदी डोंगरावर. सुमारे १,४७८ मीटर उंचीचा हा डोंगर म्हणजे बंगळूरकरांचे महाबळेश्वर. वर टिपूचा उन्हाळी वाडा आणि अमृत सरोवर नावाचे पायऱ्यांचे तळे आहे. जूनमध्ये ते खाली बंगळूरला आले आणि तिथेही बराच काळ राहिले. निपाणी ते नंदी हा त्या काळच्या सुस्थित रोग्याचा ठरलेला मार्ग होता. पैसा किंवा चाहते असतील त्याला थंड हवा मिळे, बाकीच्यांनी घरीच अंथरूण धरायचे.

गांधींना हे सलत होते. जलोपचारांशी त्यांचा परिचय दक्षिण आफ्रिकेपासूनचा. लायपझिगच्या लुई कुन्हे यांच्या पद्धतीची कटिस्नाने आणि पोटावर मातीची पट्टी हे प्रयोग त्यांनी स्वतःवर आणि घरच्यांवर केले होते. आल्प्सच्या आणि जर्मनीच्या स्नानगावांत जे ज्ञान हॉटेलांच्या बिलात गुंडाळून विकले जाई, त्यातले सार त्यांनी एका टबात आणि ओल्या फडक्यात आणले. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना ‘आरोग्याची चावी’ हे पुस्तक त्यांनी लिहायला घेतले, त्यातही पाणी, माती, प्रकाश आणि हवा यांनाच मान आहे.

सुटकेनंतर पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात गरिबांसाठी सोय करण्याचा त्यांचा बेत होता. पण शहरातल्या केंद्रात गरीब येणार नाही, गरीब असतो तिथे केंद्राने जायला हवे, हे त्यांना पटले आणि २२ मार्च १९४६ ला ते पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या उरुळी कांचनला गेले. तिथला आश्रम पुढे मणिभाई देसाईंनी आयुष्य वेचून उभा केला, तो आजही चालतो. भारतातल्या निसर्गोपचाराच्या इतिहासात ही घटना मला फार मोलाची वाटते. थंड हवेच्या डोंगरावरचे आरोग्य सपाटीवरच्या गावात, चुन्याच्या भिंतींमध्ये आणता येते, हे उरुळीने दाखवले.

शिवाय गरिबांची स्नानगावे आपल्याकडे आधीपासून आहेतच. कोकणपट्टीत सुमारे साडेतीनशे किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात अठराएक ठिकाणी गरम पाण्याचे झरे आहेत. पावसाचे पाणी खडकांतल्या भेगांवाटे खोल जाते, तिथल्या उष्णतेने तापते आणि खनिजे विरघळवून पुन्हा वर येते. तानसा नदीकाठची वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी, दापोलीजवळचे उन्हवरे, संगमेश्वराजवळची तुरळ आणि राजवाडी ही त्यांतली ओळखीची नावे. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीला नवस बोलला आणि १७३९ मध्ये किल्ला सर झाल्यावर देऊळ उभे राहिले, ही परंपरा प्रसिद्ध आहे. खानदेशात उनपदेव, किनवटकडे उनकेश्वर. कातडीचा रोग, सांधेदुखी, संधिवात घेऊन माणसे पिढ्यान्‌पिढ्या इथे येतात. वज्रेश्वरीच्या कुंडाच्या पायरीवर एखादी आजी गुडघ्यापर्यंत लुगडे सावरून बसते, चटका सोसवेल तसतसा एकेक पाय खाली सरकवते आणि डोळे मिटून घेते. त्यासाठी तिला कुणाची परवानगी लागत नाही.

हा मोकळेपणा सेंट मॉरिट्झकडेही नाही. आपल्याकडे कमी आहे ती दुसरी बाजू, म्हणजे बुंध्याभोवतीची माती. अनेक कुंडांच्या काठी साबणाचे कागद, प्लास्टिकच्या बाटल्या आणि निर्माल्य एकत्र दिसते. बायकांना कपडे बदलायला आडोसा नसतो किंवा असला तरी मोडका असतो. पाण्याचे तापमान, त्यातली खनिजे, जंतू यांची ताजी माहिती सांगणारी पाटी सहसा दिसत नाही. हृदयविकार असलेल्याने चटकन गरम पाण्यात उतरू नये, हे सांगायलाही कुणी नसते. श्रद्धा भरपूर, व्यवस्था अपुरी.

इंदिरानगरचे पाणी कुठून येते, कुठे जाते

इंदिरानगरात गोष्ट याच्या उलट आहे. आतून व्यवस्था चकाचक आणि बाहेरच्या पाण्याशी नाते शून्य.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बंगळूर विकास प्राधिकरणाने बिन्नमंगल आणि आसपासच्या गावांच्या जमिनींवर ही वसाहत आखली. सैन्यातून, सरकारी कारखान्यांतून निवृत्त झालेल्या लोकांनी बागेची टुमदार घरे बांधली. नंतर संगणक उद्योगाचा पैसा आला, घरांची दुकाने आणि उपाहारगृहे झाली. २० ऑक्टोबर २०११ ला दक्षिण भारतातली पहिली मेट्रो बय्यप्पनहळ्ळी ते एम. जी. रोड धावली तीही इंदिरानगरावरून.

इथल्या नळाला येणारे पाणी कावेरीचे. १९७४ पासून ते सुमारे शंभर किलोमीटरवरच्या तोरेकाडनहळ्ळीहून टप्प्याटप्प्याने पाचशेएक मीटर वर चढवून शहरात आणले जाते. ऑक्टोबर २०२४ मध्ये पाचवा टप्पा सुरू झाला आणि रोज ७७५ दशलक्ष लिटर पाण्याची भर पडली. त्याआधीच्या मार्चमध्ये मात्र शहराचा घसा कोरडा पडला होता. हजारो विंधनविहिरी आटल्या, टँकरचे भाव भडकले. पाणीपुरवठा मंडळाने पिण्याचे पाणी गाड्या धुण्याला, बागांना, कारंज्यांना आणि पोहण्याच्या तलावांना वापरण्यास बंदी केली आणि ५,००० रुपये दंड ठरवला. ज्या शहराची निवड तळे पाहून झाली, त्याला टबात सोडायला पाणी नाही अशी वेळ आली.

शहरातल्या तळ्यांचे काय झाले हे नकाशावर वाचता येते. धर्मांबुधी तळ्याच्या जागी केंपेगौडा बसस्थानक, संपंगी तळ्याच्या जागी कंठीरवा स्टेडियम, इंदिरानगरच्या दक्षिणेला चल्लघट्टा तळ्याच्या जागी गोल्फचे मैदान. उरलेल्या तळ्यांकडे ओढ्यांतून पाण्याऐवजी मैला वाहू लागला. मार्च २०१६ मध्ये हलसूर तळ्यात हजारो मासे मरून काठाला लागले. मैलापाण्याने विरघळलेला प्राणवायू खाऊन टाकला की माशांचा श्वास कोंडतो, आणि उन्हाळ्यात पाणी तापले की तो आणखी घटतो.

इंदिरानगर परिसराचा उतार चल्लघट्टा खोऱ्याकडे आणि ते खोरे बेळ्ळंदूर तळ्याकडे. म्हणजे बेसिनमध्ये, न्हाणीघरात, स्पाच्या टबात वापरलेले पाणी शुद्ध न करता सोडले, तर शेवटी बेळ्ळंदूरला जाते. साडेतीनशे हेक्टरांहून मोठे हे तळे २०१५ पासून जगभर गाजले ते फेसामुळे. साबणांतली रसायने आणि मैला मिसळलेले पाणी सांडव्यातून कोसळले, की फेसाचे पांढरे ढीग वाऱ्याने रस्त्यावर उडत. २०१५, २०१७ आणि २०१८ मध्ये या तळ्यावर चक्क आगी लागल्या. जानेवारी २०१८ ची आग विझवायला लष्कराचे जवान उतरले. पुढे हरित लवादाच्या आदेशांखाली शुद्धीकरण केंद्रे वाढवण्याचे आणि गाळ काढण्याचे काम हाती घेतले गेले. २०१८ पासून याच खोऱ्यातले प्रक्रिया केलेले पाणी कोलार जिल्ह्यातल्या कोरड्या तळ्यांत सोडले जाते. ते पुरेसे शुद्ध होते का यावर न्यायालयापर्यंत वाद झाला. तो वाद रास्त आहे, कारण कोलारचा शेतकरी इंदिरानगरचे सांडपाणी झेलतो आहे, आणि त्याच्या विहिरीतले पाणी किती स्वच्छ हवे हे ठरवण्याचा हक्क त्याला असला पाहिजे.

राखणीचे काम

इंदिरानगरातल्या स्पांवर माझा राग नाही. दिवसभर खुर्चीत आखडलेल्या पाठीला तेल आणि वाफ हवीच, आणि तिथे काम करणाऱ्या, बहुतेक ईशान्येकडून आलेल्या मुला-मुलींच्या हातांत खरे कसब आहे. माझा आक्षेप आहे तो आरोग्य काचेच्या दाराआड सुरू होते आणि तिथेच संपते या समजुतीवर. सेंट मॉरिट्झचा झरा साडेतीन हजार वर्षे टिकला, कारण प्रत्येक पिढीत कुणीतरी तो बांधून काढला, घाण पाणी बाहेर ठेवले आणि झरा गावाचा राहू दिला. झेरमाटने एकदा हे काम हलके घेतले आणि माणसे गमावली. श्रीरंगपट्टणच्या तापातून पळून आलेल्या छावणीला पटकीने गाठले, ते याच कारणाने.

हलसूरचे तळे अजून आहे. पहाटे काठावर चालणाऱ्यांची रांग लागते, शेजारच्या बांधीव कुंडात गणपती विसर्जनाला इंदिरानगरातली मराठी कुटुंबेही येतात. या तळ्याला मिळणाऱ्या प्रत्येक ओढ्याच्या तोंडाशी सांडपाणी अडवून शुद्धीकरणाकडे वळवणे, हे पहिले काम. पाण्यातला प्राणवायू, जंतू आणि फॉस्फेट यांचे आकडे दर महिन्याला काठावरच्या फलकावर कन्नड, तमिळ आणि इंग्रजीत लिहिणे, हे दुसरे. ज्या ज्या स्पाला, हॉटेलाला आणि तरणतलावाला परवाना दिला जातो, त्याने वापरलेले पाणी स्वतः शुद्ध करून बागेला आणि संडासाला वापरणे सक्तीचे करणे, हे तिसरे. यातले काहीच अशक्यप्राय नाही. चार दशकांत एका डोंगराळ देशाने ते करून दाखवले, आणि बंगळूरसारख्या शहराकडे अभियंत्यांचा तुटवडा नाही.

महाराष्ट्रातल्या कुंडांनाही हेच लागू आहे. वज्रेश्वरीला, उन्हवऱ्याला, उनकेश्वराला पंचतारांकित रिसॉर्ट आणण्याची स्वप्ने अधूनमधून ऐकू येतात. त्यापेक्षा ग्रामपंचायतीच्या हाती पाण्याची नियमित तपासणी, बायकांसाठी नीट आडोसा, सांडपाण्याची वेगळी वाट आणि आठवड्यातून एक दिवस बसणारा डॉक्टर द्यावा. प्रवेश फुकटच राहावा. गांधी उरुळीला का गेले, हे लक्षात ठेवले तर त्यात नवल वाटायचे कारण नाही.

‘तळे राखील तो पाणी चाखील’ ही म्हण आपण बहुधा लाचखाऊ माणसाबद्दल वापरतो. मला ती नागरिकांच्या हक्काची वाटते. जो राखतो त्याने चाखावे, आणि ज्यांना चाखायचे आहे त्या सगळ्यांनी राखायला यावे. हलसूरच्या तळ्याचे पाणी पुन्हा अंगाला लावण्याजोगे होईल तेव्हाच इंदिरानगरला आरोग्याची वस्ती म्हणता येईल. तोवर तिथे आरोग्याची दुकाने आहेत एवढेच.